पिस्तुलाची तक्रार, मनगटाची नव्हे

ऑटर रन, ओहायो
३ सप्टेंबर २००९

ग्राहक सेवा विभाग, हॅकबेरी आर्म्स कंपनी

महोदय किंवा महोदया,

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण तुमच्या फोनवर मी कॉफी थंड होईपर्यंत संगीत ऐकलं, आणि ते संगीतही चांगलं नव्हतं.

तुमच्या कारखान्यात बनलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल मी या वसंतात विकत घेतलं. ते विटेसारखं दिसतं आणि विटेइतकंच जड आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्वस्त वस्तू देखणीही असावी अशी अपेक्षा धरण्याइतकी मी खुळी नाही. पण पिस्तुलाने गोळी झाडावी, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. तुमचं पिस्तूल दोन-तीन गोळ्या नीट झाडतं. मग रिकामं टरफल बाहेर उडायच्या ऐवजी दारात बोट सापडावं तसं मध्येच अडकून उभं राहतं. मी पिस्तूल खाली ठेवते, गोळ्या भरायचं मॅगझिन काढते, टरफल झटकते, पुन्हा भरते. तेवढ्या वेळात शेजारी बसलेली माझी नणंद लोरेटा उसासा टाकते. मुद्दाम टाकते.

आमच्या गन क्लबात दर गुरुवारी बायकांचा नेमबाजीचा बाक असतो. नॉर्बर्ट, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून माणसांशी बोलायचा माझा तेवढा एकच दिवस. बाकीचे दिवस मी कोंबड्यांशी बोलते, आणि त्या माझ्या प्रत्येक मताशी सहमत असतात. त्याने माणूस बिघडतो. तेव्हा गुरुवार मला हवा आहे, आणि तो टरफलं उपटण्यात घालवायचा नाही.

शेवटी एक सूचना. काउंटीच्या रस्ते विभागात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ हे वाक्य मला पाठवू नये. त्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे, कारण तो मीच ठरवत असे.

आपली,
बर्निस काल्टेनबाख (मिसेस नॉर्बर्ट काल्टेनबाख)


हॅकबेरी आर्म्स कंपनी
१० सप्टेंबर

मिसेस काल्टेनबाख यांस,

आपल्या पत्राची नोंद घेतलेली नाही. आधी वाचलं, मग लॉइडला वाचून दाखवलं. मागच्या शेडमध्ये दुरुस्तीला आलेली पिस्तुलं झाडून बघण्याचं काम लॉइडचं. कोंबड्यांपर्यंत आल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला.

ग्राहक सेवा विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक खिडकी. फोनचं संगीत मालकांच्या जावयाने निवडलेलं आहे. त्यावर मी अधिक बोलणं बरं नाही.

आमचं पिस्तूल कुरूप आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. लोक त्याला कागदावर ठेवायचं वजन म्हणतात, गोळी नाही सुटली तर फेकून मारता येईल म्हणतात. सगळे विनोद आमच्यापर्यंत पोचलेले आहेत. पण आमची हमी साधी आहे: पिस्तूल आहे तोवर, मालक कोणीही असो, आम्ही दुरुस्त करून देऊ आणि काही विचारणार नाही. ट्रकखाली आलेली येतात, तळ्यात बुडालेली येतात. एक शेकोटीत भाजलेलंही आलं होतं. विचारलं नाही.

गावातल्या बंदुकांच्या दुकानातून आमच्याकडे पाठवून द्या. पाठवायचा खर्च आमचा.

आपली,
रोझेला प्लँक


ऑटर रन
२८ सप्टेंबर

मिस किंवा मिसेस प्लँक,

पिस्तूल परत मिळालं. नवी स्प्रिंग घातल्याचं वाचलं. सोबत मी न मागितलेलं एक मॅगझिन ‘झालेल्या तसदीबद्दल’ म्हणून निघालं. आम्हाला रस्त्यातला खड्डा बुजवता आला नाही की आम्ही लोकांना काउंटीचं कॅलेंडर पाठवत असू. त्यामुळे मॅगझिन बघितल्याबरोबर मला शंका आली, आणि गुरुवारी ती खरी ठरली. तिसऱ्याच गोळीला टरफल अडकलं. दुसऱ्या मॅगझिनने पाचव्या. म्हणजे आता माझ्याकडे अडकायची सोय दुप्पट झाली आहे.

पण आता गोष्ट हसण्यावारी न्यायची राहिलेली नाही. लोरेटाने क्लबात ठराव मांडला आहे की, हॅकबेरीची पिस्तुलं बाकावर चालू देऊ नयेत, कारण ती सारखी अडकतात आणि सगळ्यांचा खोळंबा होतो.

मी म्हटलं, “बाकावर हॅकबेरी माझं एकटीचं आहे, लोरेटा. सरळ माझं नाव घाल की.”

ती म्हणाली, “नावाचा प्रश्न नाही, बर्निस. वस्तूचा आहे. दुसरं घे ना एखादं. माझ्यासारखं.”

तिचं पिस्तूल ऑस्ट्रियातलं आहे, मखमल लावलेल्या पेटीत राहतं. हल्ली तर ती ते बाहेरही काढत नाही. खांदा दुखतो म्हणते आणि आमचे गुण मोजत बिशपसारखी बसून राहते.

अध्यक्ष एमेट ग्रूबर भांडण टाळणारा माणूस आहे, त्यामुळे त्याने ते पुढे ढकललं. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर गोळ्यांचा एक पूर्ण खोका झाडायचा. एकदा जरी अडकलं, तरी ठराव पास.

मी दुसरं पिस्तूल घेणार नाही. हे मी माझ्या पेन्शनमधून, कोणालाही न विचारता, स्वतःच्या पसंतीने घेतलं आहे. लग्नानंतर अशी घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू. नणंदेच्या उसाशापायी ती मी टाकून देणार नाही. आणि ती न टाकता बाकावरून उठावं लागलं, तर गुरुवारी मी कुठे जाऊ? पिस्तूल पुन्हा पाठवते आहे. या वेळी कॅलेंडर नको.

बर्निस काल्टेनबाख


हॅकबेरी आर्म्स कंपनी
५ ऑक्टोबर

मिसेस काल्टेनबाख यांस,

(मिसेसच. मिस्टर प्लँक ट्रक चालवतात आणि क्वचित भेटतात, त्यामुळे आमचं छान चाललं आहे.)

तुमचं पिस्तूल लॉइडने झाडलं. अडकलं नाही. त्याच्यावर विश्वास न ठेवता मग मी स्वतः झाडलं, तुमच्या दोन्ही मॅगझिननी, खोका संपेपर्यंत. एकदाही अडकलं नाही. त्यात काही बिघाड नाही. असता तर मला फार बरं वाटलं असतं, कारण आता मला पुढचं वाक्य लिहावं लागणार आहे.

कृपया रागावू नका. तुमचं मनगट सैल पडत असेल का?

पिस्तूल मागे झटका देतं तेव्हा मनगट भिंतीसारखं ताठ राहावं लागतं. मनगटही मागे गेलं तर पिस्तुलाचा वरचा भाग पुरता मागे सरकत नाही आणि टरफल निघता निघता अडकतं. हे कोणत्याही पिस्तुलाचं होतं, महागातल्या हलक्या पिस्तुलाचं तर जास्तच. आम्ही हे सहसा कोणाला लिहीत नाही. पुरुषांना लिहिलं की ते पत्र फाडतात आणि दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल घेतात. मग तेही अडकतं, पण त्याची तक्रार ते करत नाहीत.

पिस्तूल परत पाठवते आहे. या वेळी जादा मॅगझिन घातलेलं नाही. लॉइडला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आपली,
रोझेला प्लँक


ऑटर रन
८ ऑक्टोबर

मिसेस प्लँक,

माझ्या मनगटात जोर नाही, असं माझ्या तोंडावर आजवर कोणी म्हटलेलं नाही. पत्रातही नाही.

या मनगटाने मी कोंबड्या कापल्या आहेत, बर्फाळ पहाटे जुन्या गाडीचं हँडल फिरवलं आहे, आणि रस्ते विभागाच्या तीन प्रमुखांची पत्रं शब्दन्‌शब्द सुधारून परत त्यांच्याच सहीला पाठवली आहेत. हे मनगट सेंट वॉल्बर्गाच्या शाळेत सिस्टर इर्मेनगार्डच्या हाताखाली तयार झालं आहे. तुम्हाला माझं अक्षर दिसतंच आहे. हे असं आपोआप येत नाही.

सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, अक्षर बोटांनी काढायचं नसतं, मनगटाने तर नाहीच. खांद्यापासून हात वाहू द्यायचा, मनगट पाण्यातल्या वेलीसारखं मोकळं. आम्ही कागदभर गोल गोल वेटोळी काढत असायचो आणि त्या बाकांमधून पावलांचा आवाज न करता फिरायच्या. अचानक मागून येऊन पेनाचं टोक धरून ओढायच्या. पेन लोण्यातून सुरी निघावी तसं हातातून निघालं तर “छान, बर्निस.” घट्ट धरलेलं सापडलं तर बोटांच्या पेरांवर पट्टी. माझ्या पेरांवर पट्टी कधी बसली नाही. माझं पेन दरवेळी निघालं. आठ वर्षं मी त्या हाताला वळण लावलं, आणि आजही मी काहीही हातात धरलं तरी, मग तो चहाचा कप असो की पिस्तूल, माझ्या मनगटात ती शिस्त असते.

तेव्हा मनगटाची चौकशी थांबवून पिस्तुलाची सुरू करावी. नोव्हेंबर जवळ येतो आहे.

बर्निस काल्टेनबाख


हॅकबेरी आर्म्स कंपनी
१२ ऑक्टोबर

प्रिय मिसेस काल्टेनबाख,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला खिडकी उघडावी लागली, कारण मी इतकी हसत होते की लॉइड शेडमधून बघायला आला.

मीही नन्सच्याच शाळेतली. आमच्याकडे सिस्टर क्युनेगुंडा होत्या. त्यासुद्धा मागून येऊन पेन ओढायच्या. फरक इतकाच की माझं कधी निघालं नाही. मी जन्माने डावरी. मला उजव्या हातात पेन धरायला लावलं, आणि ते पळून जाईल या भीतीने मी त्याला असं आवळून धरायचे की सिस्टर ओढायच्या तर पेनाबरोबर मीच बाकावरून उठायचे. पेरांवर पट्टी रोज. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखं, म्हणून मी ही पत्रं टाइप करते. सिस्टरच्या लेखी मी वाया गेलेली मुलगी.

पण मिसेस काल्टेनबाख, माझ्या हातात पिस्तूल कधी अडकत नाही.

आता तुमचंच वाक्य तुम्हाला परत पाठवते: ‘काहीही हातात धरलं तरी माझ्या मनगटात ती शिस्त असते.’ तीच शिस्त नडते आहे. तुमच्या मनगटात जोर नाही असं मी म्हणत नाही. उलट, त्याला इतकं उत्तम शिकवलं आहे की ते अजून ऐकतं आहे.

एक करून बघा. पिस्तूल रिकामं करा, रिकामं असल्याचं दोनदा बघा, मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवा. नेम धरल्यासारखं भिंतीकडे रोखा आणि कोणाला तरी मागे उभं करून ते वरून धरून मागे ओढायला सांगा. लोण्यातल्या सुरीसारखं निघालं तर सिस्टर खूश. निघालं नाही तर क्लब खूश. दोघांना एकदम खूश करता येणार नाही.

तुमची,
रोझेला


ऑटर रन
१६ ऑक्टोबर

मिसेस प्लँक,

शेजारचा हर्शेल दूध घालायला आला होता. त्याच्याकडून ओढवून घेतलं.

निघालं.

तो म्हणाला, “काकू, तुम्ही धरलंच नव्हतं.” मी म्हटलं, “हर्शेल, मी ते सर्वोत्तम पद्धतीने धरलं होतं.” पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा निघालं. तिसऱ्या वेळी मी दातओठ खाऊन धरलं तेव्हा कुठे तो म्हणाला, “हां, आता बैल धरल्यासारखं वाटतं.” मला मात्र पेरांवर पट्टी बसल्यासारखं वाटलं, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही काही गुन्हा नसताना.

हल्ली मी सकाळ-संध्याकाळ ओतीव लोखंडाचा तवा हात लांब करून धरून उभी असते. कोंबड्या बघतात. या पत्रातलं अक्षर बघू नका.

एक विनंती. हे तुमच्यात आणि माझ्यात राहावं. लोरेटाला कळलं की दोष पिस्तुलाचा नव्हता, तर ती उसासे टाकायचं सोडून माझ्याशी गोड बोलायला लागेल. ते मला सोसणार नाही.

बर्निस काल्टेनबाख


ऑटर रन
६ नोव्हेंबर

प्रिय रोझेला,

काल गुरुवार झाला.

क्लब भरलेला होता. एरवी गुरुवारकडे न फिरकणारे पुरुषही आले होते, राजमा-खिम्याच्या चिलीचा वाडगा हातात घेऊन, सर्कस बघायला यावं तसे. एकजण म्हणाला, “काकू, अडकलं तर फेकून मारा.” मी म्हटलं, “मारीन, पण नेम तुझ्यावर धरीन.” लोरेटा पेन्सिल घेऊन बाकाच्या टोकाला.

मी झाडायला लागले. पहिलं मॅगझिन संपलं. दुसरं संपलं. पुन्हा भरलं. प्रत्येक झटक्याला मनगट जुन्या सवयीने सुटू बघायचं आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, सिस्टर, माफ करा. खोका निम्मा झाल्यावर मागचं बोलणं थांबलं. शेवटी शेवटी तर चिली खाण्याचाही आवाज येईना. माझा हात भरून आला होता. उरलेल्या गोळ्या मी बघितल्याच नाहीत, नुसत्या बोटांनी चाचपून भरल्या. शेवटचं टरफल उडालं ते एमेटच्या टोपीवर जाऊन पडलं.

एकदाही अडकलं नाही.

एमेटने टोपी झटकली आणि म्हणाला, “ठराव बारगळला. आता कोणी ॲपल पाय खाणार आहे का?”

मग सगळे माझ्याभोवती. काय केलं, काय केलं. आणि रोझेला, मी जे बोलले ते तुम्हाला सांगायला हवं. मी म्हटलं, “हॅकबेरीवाल्यांनी दुरुस्त केलं. आतलं काहीतरी बदललं. असली ग्राहक सेवा मी जन्मात पाहिली नाही.” दुसरं वाक्य खरं आहे.

एक गोष्ट मात्र कळली नाही. लोरेटा माझ्यामागून गाडीपर्यंत आली. मला वाटलं, आता टोमणा. ती म्हणाली, “खरंच आतलं काही बदललं त्यांनी?”

“मग काय, नवस केला?”

“काय बदललं?”

“मला काय माहीत, लोरेटा. मी काय लोहार आहे?”

ती खांदा चोळत गेली. चोळला मात्र डावा. दुखतो तो उजवा, असं तीच सांगत असते.

तुमची,
बर्निस


हॅकबेरी आर्म्स कंपनी
१९ नोव्हेंबर

प्रिय बर्निस,

अभिनंदन, आणि आता माझी तक्रार.

ऑटर रनहून माझ्या टेबलावर पाच पिस्तुलं आली आहेत. प्रत्येकासोबत चिठ्ठी: ‘मिसेस काल्टेनबाखच्या पिस्तुलाला जे केलंत तेच याला करावं.’ मी तुमच्या पिस्तुलाला काहीही केलेलं नाही. लॉइडने पाचही झाडली. सगळी उत्तम चालतात. या दुरुस्तीला तो आता ‘काल्टेनबाख’ म्हणतो, आणि मालकांनी मला विचारलं की हा सुटा भाग आपण नवीन काढला आहे का.

त्यातलं पाचवं तर आमचं नाहीच. ऑस्ट्रियातलं आहे, मखमलीच्या पेटीत. सोबत मिसेस लोरेटा शिफर यांचं पत्र आहे: हे तुमच्या कंपनीचं नाही याची मला कल्पना आहे, उन्हाळ्यापासून ते सारखं अडकतं आहे, ज्या कंपनीने बनवलं तिला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि ही गोष्ट कृपया ऑटर रनमध्ये कोणाला कळू नये.

ते मी तुम्हाला सांगायला नको होतं. पण त्या पाकिटावरचं अक्षर बघून आधी मला वाटलं की ते तुमचंच आहे. तेच वळण, तीच वेटोळी. म्हणून सांगते आहे.

या पाच जणांचं मी काय करू?

तुमची,
रोझेला


ऑटर रन
२३ नोव्हेंबर

प्रिय रोझेला,

अक्षर सारखं असणारच. लोरेटा त्याच शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होती, आणि तिचं पेन माझ्यापेक्षा सहज निघायचं.

चार पिस्तुलं परत पाठवून द्या आणि ‘तपासलं, उत्तम आहे’ इतकंच लिहा. खोटं लिहायला मी सांगणार नाही. खोटं बोलायचं होतं तेवढं मी इथे बोलून टाकलं आहे. ती मनगटं मी बघते. ती चारही पुरुषांची आहेत. तुमचं मनगट सैल आहे हे त्यांना मी समोर बसवून सांगणार आहे, आणि त्यांना फाडायला हातात कागदही नसेल.

पाचव्याची वाट न बघता मी काल चर्चनंतर तिच्याकडे गेले. ती थँक्सगिव्हिंगच्या तयारीत होती. मी तिच्या चुलीवरचा तवा उचलला आणि म्हटलं, “धर. हात लांब कर.”

“वेड लागलंय का, बर्निस?”

“धर म्हणते ना.”

धरला. मी मागे जाऊन ओढला. अलगद माझ्या हातात आला. तिचा रिकामा हात तसाच पुढे.

मग ती हळूच म्हणाली, “सिस्टर इर्मेनगार्ड.”

“हो.”

“म्हणजे तुझंही.”

“माझं कंपनीने आतलं काहीतरी बदललं.”

“बर्निस.”

“बरं. माझंही.”

तिने खुर्ची ओढली आणि बसली. मला वाटलं, रडते आहे. हसत होती. हसता हसता म्हणाली की, तुझं अडकायचं तेव्हा तू सगळ्यांदेखत शिव्या देत टरफलं उपटायचीस आणि पुन्हा भरायचीस. माझं पहिल्यांदा अडकलं तेव्हा मी पेटी बंद केली आणि खांदा दुखतो म्हणाले. मग दर गुरुवारी तुझ्याकडे बघत बसावं लागायचं, ते सहन होईना.

“म्हणून माझा बाक काढून घेणार होतीस?”

“हो,” ती म्हणाली. “फार वाईट वागले ना?”

मी म्हटलं, “फार. तवा उचल.”

पिस्तूल तिला लवकर पाठवा. तोवर ती माझं वापरेल. काल पहिल्याच गोळीला “केवढं जड आहे ग हे” म्हणाली, पण परत द्यायला तयार नव्हती. आता अडचण एकच उरली आहे. यापुढे दर गुरुवारी सगळ्या झाडायला बसणार, आणि गुण मोजायला बाकावर कोणी रिकामं नाही.

तुमची,
बर्निस